काजं बंद केलेले शर्ट

ताईंच्या खोलीवर सामान आवरायला निघालो तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "तासाभरात उरकेल. तुमच्या ताईंकडे असून असणार काय?" माझ्या जिभेला हाड नाही, हे इथेच सांगून टाकते. पुढे पुन्हा सांगायला नको.

ताई म्हणजे माझी नणंद. नवऱ्याहून मोठ्या, लग्न न केलेल्या, एका मोठ्या इस्पितळाच्या कपडेखात्यात सुपरवायझर. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. स्वतःही तशाच राहायच्या, कडक घडीच्या. घरात आम्ही त्यांना मागे 'इस्त्री' म्हणायचो. माझ्या मुली तर एकदा तोंडावर म्हणाल्या, तरी आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची घडी काही मोडली नाही. वर्षाकाठी एखाद्या दुपारी यायच्या, चपला दाराशी सरळ रेषेत लावायच्या, चहा घ्यायच्या, कप स्वतः विसळायच्या आणि उठायच्या. त्या गेल्या की घर सैल व्हायचं.

त्या कामावरच कोसळल्या. त्याच इस्पितळात दोन दिवस वॉर्डात होत्या आणि आम्हाला फोन आला तो त्या गेल्यावर. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "घरच्यांचा नंबर मागितला की म्हणायच्या, कशाला त्यांना त्रास, उद्या घरी जाईनच मी." नवऱ्याने ते ऐकून घेतलं आणि त्यावर आजवर एक अवाक्षर काढलेलं नाही.

खोली भाड्याची. मालकाला नवा भाडेकरू मिळाला होता, संध्याकाळी जुनं सामान घेणाऱ्याचा टेम्पो यायचा होता. आम्ही आत शिरलो, दाराला आतून कडी घातली आणि खोकी उघडली. नवरा कपाटाकडे, मी ओट्याकडे, अशी वाटणी.

ओट्यावर भाजी चिरायची लाकडी फळी होती. तिच्यात मधोमध तीन खिळे खालून ठोकून टोकं वर काढलेली. मला वाटलं, तुटकी फळी कशी काय जपली या बाईने? मग बाजूला नेलकटर दिसलं. तेही एका छोट्या पाटीवर स्क्रूने घट्ट बसवलेलं, दांडा लांब करून. शेजारी दोन कानांचा कप. असले कप लहान मुलांना देतात, पण हा चांगला मोठ्या माणसाचा, रोजच्या चहाने आतून तपकिरी पडलेला.

"अहो, ताईंच्या हाताला काही झालं होतं का?" मी विचारलं.

"तिला? तिला काय होतंय! गेल्या वर्षी एकटीने पलंग हलवला तिने."

"मग हे काय आहे?"

त्याने फळी हातात घेतली, उलटीपालटी केली. "असेल काहीतरी पेशंटचं. इस्पितळात लागत असेल." आणि खोक्यात टाकली.

मी खिळ्यांवर कांदा ठेवून पाहिला. कांदा रुतून बसला, हलेना. म्हणजे धरणारा हात नसेल तरी एका हाताने चिरता येतो. मग मी नेलकटरवर कोपराने दाबून पाहिलं. कट् आवाज झाला. कुणाच्या तरी एकट्या हाताची नखं कशी कापायची, याचा ताईंनी बसून विचार केला होता.

कपाटाच्या खालच्या खणात शर्ट निघाले. पुरुषाचे, चांगल्या मापाचे, ताईंच्या हातच्या घडीचे. नवरा ते न उलगडता खोक्यात कोंबायला लागला तेव्हा मी त्याच्या हातातून ओढून घेतले. वरून बघाल तर साधे शर्ट, ओळीने बटणं. पण बटणं नुसती वरून शिवलेली, शोभेची. काजं बारीक टाक्यांनी बंद केलेली आणि आतून वेल्क्रोच्या पट्ट्या. डाव्या मनगटालाही तसंच; उजव्याचं बटण मात्र खरं, डाव्या हाताने लावता येईल असं. हाताने एकदा दाबलं की शर्ट बंद. आणि रस्त्यात, बसमध्ये, चारचौघांत कुणाला कळू नये की या माणसाला बटण लावता येत नाही. टाके इतके नीट होते की मी चष्मा लावून शोधले. माझ्या मुलीच्या फ्रॉकची खालची दुमड उसवली होती तेव्हा मला मशिनवाल्याकडे जावं लागलं होतं. ताईंना शिवता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"इथे कुणीतरी येत होतं," मी म्हणाले.

नवऱ्याने दुसरं खोकं पुढे ओढलं.

"अहो, मी काय म्हणते, कुणीतरी पुरुष येत होता. उजवा हात गेलेला. त्याला कुणी कळवलंय का?"

"काय कळवायचंय?"

"ताई गेल्या ते!"

त्याने चिकटपट्टी दाताने तोडली. "हे बघ, माझी बहीण सगळ्या नात्यात ताठ मानेने जगली. आता ती गेल्यावर मला तिच्याबद्दल कुणाचं काही ऐकायचं नाही. शर्ट जाऊ देत टेम्पोत. विषय संपला."

"तुमच्यासाठी संपला. तो बिचारा अजून वाटच बघत असेल."

"असेल तर असेल! आपल्याला ना नाव ठाऊक, ना गाव. कुठे शोधायचं?"

मी शोधलं. उशीखाली, पर्समध्ये, कपाटाच्या कप्प्यांत. काही नव्हतं. ना फोटो, ना चिठ्ठी. ताईंनी त्या माणसाला कुठे लिहून ठेवलंच नव्हतं. मला राग आला, ताईंचाच. एवढं कसं बाई कुणी तोंड मिटून जगतं? आम्ही काय खाऊन टाकलं असतं? मग आठवलं की 'इस्त्री' हे नाव मीच ठेवलं होतं, आणि माझा राग तिथेच बसला.

आम्ही खोकी बांधत राहिलो. नवरा शेवटच्या खोक्यावर पट्टी चिकटवत होता तेव्हा कुलपात किल्ली फिरली.

किल्ली फिरली, दार ढकललं गेलं आणि आतल्या कडीवर अडलं. बाहेरून आवाज आला. म्हातारा, थोडा जड, एका बाजूने घसरणारा आणि इतका लाडात की मला खोलीत चोरून उभं राहिल्यासारखं वाटलं.

"अगं ए सुपरवायझर! पुन्हा कडी? या वयात तुला पळवून कोण नेणारे? मीच एक होतो, तर माझा पाय असा. उघड, जिना चढून दम लागलाय."

नवऱ्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. त्याच्या ताईशी असं बोलणारं जगात कुणी असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. बाहेर तो माणूस स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "रागावलीस होय? बरं, राग संपेपर्यंत उभा राहतो."

नवरा जागचा हलेना. शेवटी मी कडी काढली.

उंच म्हातारा. उजवा हात पोटाशी दुमडलेला, डाव्या हातात किल्ली आणि पिशवी. अंगात निळा शर्ट, ओळीने बटणं. मला पाहून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. माझ्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. उघडं कपाट, खोकी, वर ठेवलेला, इस्पितळाने परत दिलेला ताईंचा चष्मा. चष्म्यावर त्याची नजर थांबली. ताई चष्म्याशिवाय चार पावलंही चालत नसत.

त्याला कळलं ते मी पाहिलं. सांगायची गरज राहिली नाही.

आणि तरी तो काय म्हणाला ऐका. मान खाली घालून, मागे सरत म्हणाला, "माफ करा हं. मजला चुकला वाटतं. मला वरच्यांकडे जायचं होतं."

वर गच्ची होती.

त्याला रडायचं होतं, आणि तो ताईंची अब्रू सांभाळत होता. आमच्यापासून. तो किल्ली खिशात लपवायला बघत होता, पण पिशवी त्याच हातात, त्यामुळे जमत नव्हतं.

तेवढ्यात नवरा पुढे आला. मला वाटलं, आता हा दार लावणार. पण त्याने त्या माणसाच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. "मी तिचा भाऊ," तो म्हणाला. "बसा तुम्ही. या आत."

एकच खुर्ची बांधायची राहिली होती. तो बसला. मी पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही.

"कधी?" त्याने विचारलं.

"या महिन्याच्या सुरुवातीला," मी म्हणाले.

"मागच्या खेपेला आलो तेव्हा नव्हती. किल्लीने उघडून बसलो, संध्याकाळपर्यंत वाट बघितली. फोन नाही करत आम्ही एकमेकांना. मी मुलाकडे राहतो, सुनेला नाही आवडत." मग त्याच्या चेहऱ्यावर थोडंसं काहीतरी उजळलं. "मला वाटलं, भावाकडे गेली असणार. कधीपासून सांगत होती, भाऊ सारखा राहायला बोलावतोय, वहिनी मागे लागलीय, एकदा जाऊन येते. म्हटलं, गेली शेवटी. खरं सांगू? बरं वाटलं मला. घरी जाताना मी अगदी खुशीत होतो."

आम्ही ताईंना कधी राहायला बोलावलं नव्हतं. एकदाही नाही.

"तुमच्याकडेच होती ना?" त्याने नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "हो," तो म्हणाला. "आमच्याकडेच होती."

"एकटी नव्हती ना?"

"नाही नाही. आम्ही सगळे होतो जवळ. मुली होत्या. हात धरून होतो तिचा." बोलता बोलता तो ढसाढसा रडायला लागला. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा.

लग्नापासून या माणसाची एक थाप मी पचू दिलेली नाही. पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

म्हाताऱ्याने डाव्या हाताने डोळे पुसले. "माणसांत गेली," तो म्हणाला. "तिला तेवढंच हवं होतं." मग माझ्याकडे वळला, अगदी घरच्यासारखं. "आणि जेवत होती ना नीट? काय करून घातलंत तिला?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. ताईंना काय आवडायचं ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

"त्यांच्या आवडीचं," मी म्हणाले. "रोज त्यांच्या आवडीचंच केलं."

तो समाधानाने मान हलवत राहिला.