तलावाकडचा रस्ता

नातीला शाळेतून आणताना आजोबांना हल्ली फार उशीर व्हायचा. ते रस्ते विसरू लागलेत, असं लेकीच्या मनाने घेतलं. तिने त्यांच्या जुन्या गाडीतला मूळचा टेप काढून नकाशावाला स्क्रीन बसवून घेतला. "गाणी छान ऐकू येतील, बाबा," एवढंच त्यांना सांगितलं.

पहिल्या दिवशी ती स्वतः मागे नातीजवळ बसली. नकाशातली बाई "डावीकडे वळा" म्हणाली, की आजोबा मुकाट्याने वळायचे. नात हिरमुसली.

"आजोबा, आज तलावाकडून नाही जायचं? माझं सगळं सांगून कुठे झालंय!"

लेकीने चमकून विचारलं, "बाबा, तुम्ही मुद्दाम लांबून यायचात?"

"घरी पोचलं की हिला अभ्यास. मग आम्ही बोलायचं कधी?" ते म्हणाले. "तुला वाटलं, म्हातारा रस्ते विसरला. विचारायचंस तरी."

"चुकलं माझं."

"असू दे. गाणी खरंच छान वाजतात. ही बाई तेवढी गप्प कशी करायची, ते दाखव."

तिने पुढे वाकून आवाज बंद केला. गाडी तलावाकडे वळली, नात बोलत सुटली. लेकीला मात्र घर येईपर्यंत समोरच्या आरशात बघवलं नाही.