जाळी काढायची राहिली

मे उजाडला की डेन्मार्कात रात्र नावालाच उरते. मग पार ऑगस्ट लागेपर्यंत आकाशगंगांचे फोटो विसरा! यंदा मात्र हे प्रेबेनच्या मुळावरच आलं होतं. बायकोला, बिर्टेला, त्याला एकदा तरी ती भोवऱ्यासारखी आकाशगंगा स्वतः टिपून दाखवायची होती, आणि तिची नजर ऑगस्टपर्यंत टिकेल असं डॉक्टर काही म्हणेनात.

एप्रिल सगळा ढगांनी खाल्ला. ढग हटले, तर मेला चंद्र हजर! अखेर काल शेवटचा अंधार मिळाला. प्रेबेनने अंगणात दुर्बीण मांडली, तिच्या तोंडावर चिरांची जाळी बसवली आणि फोकस जुळवला. जाळीचं काम तेवढंच. नंतरही ती राहिली तर सगळा फोटो मातीत. "आधी जाळी काढा, मग फोटो काढा," असं खगोल क्लबातल्या नवख्यांना तोच बजावायचा.

"जाळी काढलीस का रे?" बिर्टेने खिडकीतून विचारलं.

"आता तू शिकव मला!" तो खेकसला. गुडघे ठणकत होते, या आकाशगंगेचाही वीट आला होता. कॅमेरा चालू करून तो खुर्चीत टेकला आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

पाखरांनी उठवलं तेव्हा चांगलं फटफटलं होतं. झाकण लावायला गेला, तर जाळी तिथेच.

"गाढव आहेस, गाढव!" तो स्वतःलाच म्हणाला. रडायलासुद्धा त्राण नव्हतं.

आत येऊन त्याने फोटो पडद्यावर उघडला. प्रत्येक ताऱ्याला मिशा फुटलेल्या, आणि मधोमध नुसता करडा डाग. बिर्टे कॉफी घेऊन आली, टेबलाची कड चाचपून तिने दोन्ही कप ठेवले.

"झाला का रे?"

"झाला, पण ऐक ना, माझ्या हातून..."

"थांब, आधी बघू दे." ती पडद्याला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अगंबाई! काय सुरेख वळसे आलेत रे! अगदी तू सांगायचास तस्से."

फोटोत वळसा एकही नव्हता.

"उगाच खेकसलास काल माझ्यावर," ती म्हणाली. "काढली होतीस ना जाळी?"

"काढली होती गं," तो म्हणाला आणि तिचा कप तिच्या हातात दिला.