निळा पाला

लेट्यूस लावणं म्हणजे लाडावलेला जावई सांभाळणं. ऊन जास्त झालं की कडू, पाणी कमी पडलं की कडू, पाणी जास्त झालं की सडला. मी जन्मभर भिंती बांधल्या. भिंत कधी अशी रुसली नाही. पण काम सुटल्यावर मागच्या दारी, कुंपणाच्या सावलीत, दोन वाफे केले आणि नादच लागला बघा. बाहेरची पानं खुडायची, मधला गाभा सोडायचा, की झाड पुन्हा पानं देतं.

माझी नात चार वर्षांची. तिला आम्ही शेळी म्हणतो, कारण ती वाफ्यात फतकल मारून पानं तशीच तोडून खाते. म्हणून त्या वाफ्यांना औषधाचा थेंब नाही. गोगलगायी मी हाताने वेचतो आणि वेचताना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

त्या सकाळी लेक तिला काखेत मारूनच आत आली. "बाबा, हिच्या तोंडाला हे निळं काय लागलंय?"

शेळीचे ओठ निळे. मुठीत अर्धं खाल्लेलं पान. मी वाफ्याकडे पळालो. पानांवर निळे ओघळ, आणि मीच सकाळी पाणी घातलेलं, त्यामुळे सगळ्याचा लगदा झालेला.

आमच्या घरात निळ्या गोष्टी दोनच. शेडमधल्या फळीवर कॉफीच्या दोन जुन्या बाटल्या. एकीत गवंडीकामाची निळी पूड. दोरीला लावून भिंतीवर फटका मारला की सरळ रेघ उमटते. पोटात गेली तर फार तर जीभ रंगेल. दुसरीत गोगलगायी मारायचे निळे दाणे, पुढच्या दारच्या फुलांच्या कुंड्यांसाठी आणलेले. ते विष. बाटल्यांवर चिठ्ठी नाही. आमच्याकडे चिठ्ठी चिकटवतोय कोण? ज्यानं ठेवलं त्याला माहीत. आणि आता दोन्ही झाकणं सैल.

बायको पांढरी पडली. "काल संध्याकाळी माझा भाऊ आला होता. वाफ्यापाशी बराच वेळ घुटमळत होता."

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताबडतोब घेऊन या. आणि नक्की काय होतं ते शोधा. नुसता रंग असेल तर एवढ्याशा पोरीच्या पोटात उगाच नळी घालायची नाही. विष असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही."

शेजाऱ्यानं गाडी काढली. लेक आणि शेळी गेल्या. मेव्हणा फोन उचलेना. उचलणार कसा? बसवर ड्रायव्हर आहे, स्टिअरिंगवर असला की फोन पिशवीत बंद. पण त्याची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. दोन हातांत दोन बाटल्या घेऊन मी पळालो.

स्टॉपवर बस नाही. खिशातला फोन वाजला. "बाबा, पोट दुखतंय म्हणते. कळलं का काही?"

"कळतंय, कळतंय," मी म्हणालो. काय डोंबल कळतंय!

बस आली. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो.

"दाजी? इथं कुठं?"

"काल वाफ्यात काय टाकलंस?"

"मी? काही नाही."

"खोटं बोलू नकोस! शेळीनं पाला खाल्लाय. या हातातल्या बाटलीत नुसता रंग आहे आणि या हातातल्या बाटलीत विष. कुठली?"

बोललो आणि जीभ चावली. आता तो दुसरं काय सांगणार? त्यानं बाटल्यांकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुडीच्या बाटलीकडे बोट केलं. "ही. रंगाची."

मागून एक बाई ओरडली, "अहो, गप्पा घरी जाऊन मारा!"

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. या माणसाला मी वीस वर्षं झापत आलोय. नळ दुरुस्त केला तरी झापलं, खिळा वाकडा ठोकला तरी झापलं. माझा आवाज चढला की त्याच्या तोंडून खरं निघत नाही, हे मला ठाऊक. आणि आत्ताही माझा आवाज चढलेलाच होता.

मी बाटल्या खिडकीच्या कडेवर ठेवल्या. "हे बघ," मी हळू बोललो, "मी ओरडणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तुझ्या बहिणीची शपथ. फक्त हात लाव."

त्याचा हात आधी पुडीच्या बाटलीवर गेला. तो पुडीवरून सरकला आणि दाण्यांच्या बाटलीवर थांबला.

"दोन चमचे," तो पुटपुटला. "तुम्ही रोज गोगलगायींच्या नावानं बोटं मोडता. म्हटलं, दाजी खूश होतील. मला वाटलं दोन्ही औषधंच. पुडीची उघडून पुन्हा ठेवली."

मी तिथंच उभ्या उभ्या लेकीला फोन लावला. "विष. गोगलगायींचं. थांबू नका."

पुढचं दवाखान्यात. दाराबाहेर बाक, आतून शेळीचं रडणं. ते ऐकवत नव्हतं, पण बंद झालं तेव्हा जास्त भीती वाटली. बायको पदराचं टोक पिळत बसलेली. शेवटी डॉक्टर बाहेर आले. "पोट साफ केलंय. संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवू, पण घाबरू नका. वेळेत कळलं, नाहीतर झटके आले असते." लेक आत शेळीकडे पळाली.

तेवढ्यात मेव्हणा आला. फेरी दुसऱ्याला देऊन, युनिफॉर्मवरच. आत येईना. चौकटीला धरून उभा.

"वाचली," मी म्हणालो.

तो तरी हलेना. "दाजी, बोला ना काहीतरी."

"शपथ घेतलीय."

"झापा एकदा. असं गप्प नका बसू."

ओठांवर आलेलं सगळं गिळलं. कडू होतं. मग बाकावर सरकलो आणि शेजारच्या जागेवर थाप मारली. तो येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"हळू," बायको म्हणाली, "पोरगी झोपलीय."