न हरवलेला बैल

फटके संपले आणि यूस्तासियोला खांबावरून सोडलं. पाठ सोलून निघाली होती, पण रीत चुकवून चालणार नव्हतं. तो गुडघ्यांवर सरकत देवळाच्या पायरीपर्यंत गेला, पाद्रीबाबांचा हात ओठांना लावला आणि म्हणाला, "बाबा, माझे डोळे उघडलेत. उपकार झाले."

सान वेनान्सियो या पाद्रीबाबांच्या गावात असंच चालायचं. राजा समुद्रापलीकडे कुठंतरी होता म्हणे. इथं राज्य देवाचं, आणि देव पाद्रीबाबांच्या तोंडून बोलायचा. पेरायचं कधी, निजायचं कधी, कुणाच्या पोरीनं कुणाच्या घरी जायचं, सगळं घंटेवर. पाद्रीबाबांनी जन्मात कधी चाबूक धरला नव्हता. त्यासाठी गावातलीच, तिथल्या मूळच्या ग्वारानी जमातीची माणसं होती. त्या रविवारी चाबूक लाउरेआनोच्या हातात होता. लाउरेआनो मुकादम, आणि यूस्तासियोचा सख्खा मेहुणा.

लाउरेआनोची बहीण, म्हणजे यूस्तासियोची बायको क्रेसेन्सिया, गर्दीत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. नवऱ्याला घरी नेऊन तिनं पाठ धुतली, पाला वाटून लावला आणि तडक बैलांच्या गोठ्यावर गेली.

"दादा, तो कुठं लपलाय हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आम्ही बैल शोधायला गेलो होतो."

"कुठला बैल?"

"पाद्रीबाबा म्हणाले, एक बैल हरवलाय, वेताच्या ओढ्यापलीकडे बघा. चौघं जण जा म्हणाले."

"एका बैलाला चार माणसं? दादा, गोठ्याचा कारभार तुझ्याकडे. खरं सांग, बैल कमी होता?"

लाउरेआनोनं मान खाली घातली. "नव्हता."

"मग हरवलेल्याला शिंगं होती का रे? की तो माझ्या नवऱ्यासारखा दिसत होता?"

"हळू बोल, बाई! मला खांबाला बांधतील."

"तुला बांधायला माणूस कुठून आणतील? बांधणारा तूच!"

ती घरी आली ती पेटूनच. दोन महिने यूस्तासियो त्या ओढ्यापाशी लपला होता. नदीच्या वरच्या अंगाला येर्बाची, चहासारखी उकळून प्यायच्या पानांची, रानं आहेत. तिथून पानांचे गठ्ठे पाठीवर आणताना त्याच्यासमोर तीन माणसं मेली होती. पुन्हा जाणार नाही म्हणून तो पळाला होता. क्रेसेन्सिया त्याला कसावाचे कंद भाजून नेऊन द्यायची. हे तिनं सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं एकाच ठिकाणी, देवळातल्या लाकडी जाळीपाशी, पापाची कबुली देताना. तिथं लपवलं तर नरक, आणि तिथं सांगितलेलं तिथंच राहतं, हे पाद्रीबाबांनीच तर लहानपणापासून शिकवलेलं. गुरुवारी तिनं सांगितलं. शुक्रवारी बैल हरवला.

देवाला ऐकू जावं म्हणून जे सांगितलं, ते सरकारनं ऐकलं. दोघांचा कान एकच होता, पाद्रीबाबांचा, आणि हे तिला या वयात कळत होतं! याची तिला स्वतःचीच चीड आली.

येर्बाच्या रानाकडे मोठी होडी बुधवारी निघणार होती. यूस्तासियोचं नाव सगळ्यात वर. असल्या पाठीवर गठ्ठा घेऊन तो परत येणार नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मंगळवारी जाणाऱ्यांची आणि त्यांच्या बायकांची कबुली होती. कबुली दिली की लाकडी बिल्ला मिळायचा, आणि बिल्ल्याशिवाय होडीत पाय ठेवता येत नसे. कबुलीविना माणूस नदीत मेला तर त्याचा आत्मा जळेल आणि त्याचा जाब देव मला विचारील, असं पाद्रीबाबा दर वर्षी सांगत.

क्रेसेन्सिया जाळीपाशी गुडघे टेकून बसली.

"बाबा, बैल सापडला का?"

"पाप सांग, पोरी."

"फार मोठं केलं. तुम्हाला खरं सांगितलं."

"तुझा शब्द मी कुणालाही सांगितलेला नाही."

"नाही ना. नुसतं बोट दाखवलंत. आता त्याला नेऊ नका. पाठ भरू द्या, एवढंच मागते."

"ते देवाचं काम आहे. थांबत नाही."

"मग माझंही थांबत नाही."

ती उठली आणि बाहेर रांगेपाशी जाऊन उभी राहिली. काय सांगितलं, कधी सांगितलं, दुसऱ्या दिवशी काय झालं, सगळं मोठ्यानं बोलली. आधी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग विणकराची बायको पास्काला म्हणाली, "मी सूत लपवल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नेमकी माझ्याच माळ्याची झडती झाली. मला वाटलं, देवानं पाहिलं."

"देवाला काय तुझ्या माळ्यावर चढायचंय?" मागून एक म्हातारा नावाडी खेकसला.

"पुरावा काय?" कुणीतरी विचारलं.

क्रेसेन्सियानं भावाकडे बोट केलं. "त्याला विचारा."

लाउरेआनो देवळाच्या दारात उभा होता. आत पाद्रीबाबा, बाहेर सारा गाव. "बैल सगळे गोठ्यातच होते," तो म्हणाला. "एकही कमी नव्हता."

रांग मोडली. कुणी आरडाओरडा केला नाही. माणसं चौकातल्या गवतावर जाऊन बसली, बायकाही बसल्या.

बुधवारी घंटा वाजली, पुन्हा वाजली. नदीचं पाणी उतरायला लागलं होतं, आणखी उतरलं तर होडी रानापर्यंत जाणार नव्हती, आणि ती अजून बांधलेलीच होती. पाद्रीबाबा दुपारपर्यंत जाळीमागे बसून राहिले. एकही जण आत गेला नाही. शेवटी लाउरेआनो एक टोपली घेऊन बाहेर आला. टोपलीत बिल्ले होते.

"पाद्रीबाबा म्हणतात," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "यंदा कबुली नको. नुसते बिल्ले घ्या आणि होडीत बसा."

क्रेसेन्सिया उभी राहिली. "ऐकलंत? आपले आत्मे जळाले तरी चालतील. पानं आली पाहिजेत!"

लाउरेआनो टोपली घेऊन एकेकापुढून फिरला. यूस्तासियोपुढे, नावाड्यापुढे, पास्कालाच्या नवऱ्यापुढे. एकानंही आत हात घातला नाही. मग त्यानं टोपली खाली ठेवली आणि तोही बहिणीशेजारी गवतावर बसला.