रोझिनाची काथवट

फ्रेंचांच्या बादशहाची फौज रशियाकडे निघाली होती आणि तिची वाट नेमकी रोझिना त्साइडलरच्या दारावरून जात होती. सॅक्सनीतल्या त्या लहानशा गावात सकाळपासून नुसती धूळ आणि नगारे. गावप्रमुख टोपी हातात धरून घरोघर सांगत फिरला, "दोस्त आहेत आपले. पाहुण्यासारखं वागवा."

पाहुण्यांनी कोंबड्या फस्त केल्या, रोझिनाने पिसं गोळा केली. कुंपण मोडून चुलीत घातलं, तिने दातओठ खाल्ले. पण परसात पाऊल टाकलं आणि अंगाची लाही झाली. एका घोड्याचं थोबाड तिच्या काथवटीत होतं!

पीठ मळायची ही लाकडी काथवट सासूच्या हातची. तिला कधी पाणी लावायचं नाही; लाकडाला धरून राहिलेल्या आंबट पिठावरच पुढचा राय धान्याचा पाव फुगायचा. दुष्काळातही रोझिनाने ते आंबवण मरू दिलं नव्हतं.

"मेल्या, तुझ्या आईच्या ताटात घोडा जेवतो का रे?" ती घोड्याशेजारच्या हवालदारावर कडाडली.

"मादाम, मी घासून धुतली," हवालदार मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला. "फार घाण होती."

"घाण? त्या घाणीवर माझी पोरं वाढली! तुझ्या बादशहाच्या सात पिढ्यांनी असा पाव खाल्ला नसेल!"

हवालदार हसला आणि घोड्याची मान थोपटत राहिला.

उद्या गावची पावाची भट्टी पेटायची, आणि घरात आंबवणाचा कणही नाही. आता जायचं कुणाकडे? शेजारच्या कुनिगुंडेकडे. गेल्या ईस्टरला तिने हेच मागितलं, तेव्हा रोझिना ताडकन म्हणाली होती, "आमचं आंबवण उंबरा ओलांडत नाही."

सून डोरोथी मागे, रोझिना पुढे. कुनिगुंडेच्या दारात मात्र रोझिना उंबऱ्याबाहेरच घुटमळली. कुनिगुंडेने परसातला आरडाओरडा ऐकलाच होता. तिने आतून झाकलेलं मडकं आणलं.

"घे. तुझंच आहे. तुझ्या सुनेने दिलं होतं, मागल्या दाराने."

रोझिना गर्रकन वळली. "चोरटे! माझ्या नाकाखालून?"

"हो, सासूबाई." डोरोथीने मान खाली घातली, पण डोळे नाही.

"मग बघत काय राहिलीस? एप्रनखाली धर ते. त्या मेल्यांची नजरसुद्धा पडता कामा नये!"

कुनिगुंडे गालात हसली. "एवढासा गोळा मागायला तुला किती जड गेलं गं."

"पहिला पाव तुझ्याकडे येईल," रोझिना तिच्याकडे न बघता म्हणाली.

गल्लीत नवी पलटण शिरत होती. रोझिना कमरेवर हात ठेवून सुनेच्या पुढे झाली आणि बंदुकांच्या रांगेत सरळ घुसली.

"सरका रे, दोस्तांनो! तुमच्यासारखे दोस्त असल्यावर वैरी कशाला हवेत?"

शिपायांना भाषा कळली नाही. तरी सरकले.