ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो

नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या, मासळी आली, आणि ती मुंबईला न्यायच्या ट्रकचे मागचे दोन्ही दिवे मेलेले. आदल्या संध्याकाळी मनोरच्या नाक्यावरून हवालदाराने त्याच कारणासाठी ट्रक परत पाठवला होता. बाजारात जायची पापलेटं गावातच मीठ लावून ठेवावी लागली. आज पुन्हा तसं झालं तर उद्यापासून मासळी दुसऱ्याच्या ट्रकमधून जाईल, असं पुंडलिक तांडेलाने सगळ्या होडीवाल्यांच्या वतीने माझ्या आत्याला, साखरबाईला, तोंडावर सांगितलं होतं. ट्रक आत्याचा होता. नवऱ्यामागे तिने तोच एक धंदा उभा केला होता.

मी पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि सुट्टीसाठी नवापूरला तिच्याकडे आले होते.

"आते, मी बघू?"

ड्रायव्हर आत्माराम हसला. "चंद्रा, बोईसरच्या मिस्त्रीनं बल्ब बदलले, फ्यूज बदलला. तू काय आता फळ्यावर लिवून पेटवतेस?"

"फळा नको, एक वायरचा तुकडा दे. आणि आधी सांग, बिघाड दिसतो कसा?"

"दिसतो कसला, मागं अंधार हाय. आन वरून भुताटकी. दिवे बंद असताना ब्रेक दाबला का डॅशबोर्ड पेटतो."

"हे मिस्त्रीला सांगितलंस?"

"सांगितला. तो म्हणला, ट्रक विका."

मी केबिनमध्ये चढले. दिव्यांचं बटण बंद ठेवून ब्रेक दाबला. डॅशबोर्डवरचे काटे तांबूस, मिणमिणत्या उजेडात दिसू लागले. पाय उचलला, तसा उजेड गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. मला तर आनंदच झाला. नुसता मेलेला दिवा काही सांगत नाही. भलत्या ठिकाणी लागलेला दिवा वीज कोणत्या वाटेने गेली ते सांगतो.

मागच्या प्रत्येक बल्बाच्या काचेत दोन बारीक तारा, म्हणजे फिलामेंट, असतात. एक रात्रभर जळते, दुसरी फक्त ब्रेक दाबल्यावर. दोन्हींची वीज बल्बाच्या पितळी टोपणातून ट्रकच्या लोखंडात उतरते आणि बॅटरीकडे परत जाते. ही परतीची वाट बंद झाली, तर ब्रेकची वीज शेजारच्या तारेतून उलटी पुढे येणार. आणि त्या शेजारच्या तारेच्या वायरवरच पुढे डॅशबोर्डचे दिवे जोडलेले असतात. तेव्हा बल्ब ठीक होते, वायरही ठीक होत्या. बिघाड टोपण आणि लोखंड यांच्या मध्ये कुठेतरी होता.

आत्मारामाला दिवे लावायला सांगून मी वायरचं एक टोक ट्रकच्या सांगाड्याच्या खालच्या, घासून उघड्या पडलेल्या बोल्टाला धरलं आणि दुसरं मागच्या दिव्याची काच काढून बल्बाच्या टोपणाला टेकवलं. उन्हात काही कळेना, म्हणून आत्याने वर गोणपाट धरलं.

"पेटला गो!" ती ओरडली.

दुसऱ्या बाजूचाही तसाच पेटला. पण दोन्हीकडची वाट एकाच वेळी कशी बंद झाली? मी एक दिवा सोडवला. त्याच्या बैठकीखाली जाड, गुळगुळीत निळा रंग होता. बोल्टाच्या भोकाच्या आतसुद्धा.

"हा रंग कोणी दिला?"

"मी दिला," बळवंतकाका म्हणाले. आत्याचे हे दीर दरवर्षी पौर्णिमेआधी घरची होडी रंगवायचे. यंदा मासळी वाहतो म्हणून ट्रकही होडीच्याच रंगाने रंगवला होता. "दिवे काढून दिला. उघडं लोखंड ठेवायचं कं? खारं वारं खाऊन टाकील."

"होडीला बरोबर हाय, काका. पण इथं उघडं लोखंडच पायजे. या रंगातून वीज जात नाय."

काका दिव्यासमोर आडवे उभे राहिले. "पूजा झाली त्या रंगाची. त्याच्यावर सुरी चालवशील?"

ट्रकजवळ मांडलेल्या मासळीच्या पाट्यांमधल्या बर्फाचं पाणी वाळूत झिरपत होतं. होडीवाल्यांबरोबर तिथेच बसलेला पुंडलिक उठून उभा राहिला. "बळवंता, रंग ठेव तुजा. आमी मासळी दुसरीकडं देतो."

"काका," मी म्हटलं, "बोल्टाच्या चकतीखाली झाकला जाईल एवढाच रंग काढायचा. दिवा घट्ट बसला की वरून ग्रीस भरू. खारं वारं आत शिरणार नाय, आणि बाहेरून रंग मोडलेला दिसणारही नाय."

काकांनी बोल्ट हातात घेऊन चकती निरखली. "तू नको काढू. तुजा हात वाकडा चालेल."

त्यांनी होडी खरवडायची आपली पात आणली आणि चारही बोल्टांखाली असे गोल काढले, की कंपासही लाजावा. आत लोखंड चकाकत होतं.

दिवे पुन्हा घट्ट बसवून ग्रीस भरल्यावर आत्मारामाने बटण ओढलं. मागे दोन्ही दिवे लाल झाले. ब्रेक दाबताच आणखी उजळले, आणि दिवे बंद करून ब्रेक दाबला तेव्हा डॅशबोर्ड काळाच राहिला. आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती होडीवाल्यांवर कडाडली, "बगत काय बसलाव? चढवा पाट्या!"

पहिली पाटी पुंडलिकाने स्वतः चढवली.

दुसऱ्या दिवशी ट्रक रिकामा परत आला. "हवालदारानं नुसता हात हलवून जाऊ दिला," आत्माराम सांगू लागला, तोवर बळवंतकाका पाना घेऊन पुढच्या दिव्यांना भिडले होते.

"काका, ते चालू हायेत!"

"तेच बगतो. त्यांच्याखाली पण माजाच रंग हाय."

हे मला सुचलंच नव्हतं. मी पदर खोचला आणि दिवा धरायला गेले.