पंधरा टक्के

“पंधरा टक्के,” हे म्हणाले. “नेहमीचेच.”

मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला होता आणि ते चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. थीम पार्कच्या शर्यतवाल्यांचा ईमेल होता. अभिनंदन, आपला सहभाग निश्चित झाला आहे. मात्र आपण कळवलेली अंदाजे वेळ नव्वद मिनिटांच्या मर्यादेत बसत नसल्याने आपल्याला दहा किलोमीटरऐवजी पाच किलोमीटरच्या ‘कौटुंबिक आनंद दौडी’त सामावून घेण्यात येत आहे. खाली रंगीत फुगे काढलेले होते. त्या फुग्यांनी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“मी ब्याऐंशी मिनिटांत धावते,” मी म्हणाले. “फॉर्म भरताना तुम्ही विचारलंत तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तिथून ओरडून सांगितलं, ब्याऐंशी. शेजारच्यांनीसुद्धा ऐकलं असेल.”

“मीही ऐकलं. ब्याऐंशी अधिक पंधरा टक्के, चौऱ्याण्णव. वर एक मिनिट सिग्नलचं.”

“सिग्नल?”

“पंच्याण्णव. हिशोबाला सोपं.”

“अहो, थीम पार्कात सिग्नल कुठून येणार?”

ते चष्मा खाली घेऊन म्हणाले, “मर्यादा नव्वदची आहे हे फॉर्मवर ठळक लिहायला हवं होतं त्यांनी.”

माझे यजमान बस कंपनीत वेळापत्रक तयार करतात. एकतीस वर्षं तेच काम. ड्रायव्हर सांगतो, या फेरीला चाळीस मिनिटं लागतात. हे लिहितात शेहेचाळीस. म्हणजे वाटेत टायर बसला, म्हातारं माणूस चढायला वेळ लागला, तरी गाडी उशिरा आली असं होत नाही. कोष्टकाला श्वास घ्यायला जागा हवी, असं ते म्हणतात. ऑफिसात त्यांना ‘पंधरा टक्के’ म्हणूनच ओळखतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. त्यांच्या कोष्टकात आजवर गाडी उशिरा पोचल्याची एकही तक्रार नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगण्यात आलं होतं.

ऑफिसात असेल ते ठीक. पण हा माणूस घरीही पंधरा टक्के लावतो. आम्ही लग्नाला जातो तेव्हा मांडववाले खुर्च्या उतरवत असतात. गाडी पकडायला जातो तेव्हा आधीची गाडीसुद्धा आलेली नसते. मुलीच्या वेळी मला इतक्या लवकर दवाखान्यात नेलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी जा आणि पुढच्या आठवड्यात या. मी आयुष्यात जितकी वाट पाहिली, तितकी कुणी पाहिली नसेल. आणि तीही कशाची, तर वेळ होण्याची.

या शर्यतीच्या सहलीचं कोष्टकही तयार होतं. अजून नऊ दिवस होते आणि बॅगा दारापाशी भरून ठेवलेल्या. फ्रिजवर कागद चिकटवलेला. शनिवार, पहाटे तीन पन्नासला उठणे. स्वच्छतागृह, सात मिनिटे. (हिच्यासाठी नऊ.) बूट घालणे, चार मिनिटे. हॉटेलच्या दारापासून स्टार्टपर्यंत चालत अकरा मिनिटे, म्हणजे तेरा. मुलीनं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून हॉटेल ठरवून दिलं होतं, त्याच्या नकाशावर ह्यांनी पेन्सिलीनं रेघ मारलेली. एवढं सगळं केलं आणि मूळ फॉर्मवर माती खाल्ली.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. हॉस्पिटलच्या कपडेखोलीत काम करते, आता तिथली प्रमुख आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळे मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. सात महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या फलकावर या शर्यतीचं पत्रक लागलं. त्यावर मार्गाचा नकाशा होता. दहा किलोमीटरवाले पार्कच्या आत शिरत होते. मोठ्या पाळण्याखालून, राजवाड्याच्या पुलावरून, तळ्याला वळसा घालून, पार्क लोकांसाठी उघडायच्या आधी. पाच किलोमीटरवाले बाहेर गाड्या लावायच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून परत.

त्या पार्कात मी एकदा गेले होते. मुलगी आठ वर्षांची होती, ह्यांच्या ऑफिसची सहल. सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर घेऊन दिवसभर तिकीटखिडकीजवळच्या बाकावर बसून होते. कुणीतरी बसायला हवंच होतं. संध्याकाळी मुलीनं सगळं सांगितलं, मी हो का, हो का केलं, आणि आम्ही वेळेआधी बसमध्ये जाऊन बसलो. पत्रक पाहिलं तेव्हा हे सगळं एका क्षणात आठवलं आणि मी दुसऱ्या दिवशी बूट घेतले.

पहिल्या आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत धावले आणि दुकानदारानं विचारलं, “कुणाला काय झालं?” तिथून ब्याऐंशी मिनिटांपर्यंत मी आले. ड्यूटीच्या आधी, पाय सुजलेले असताना, सर्दीत. कपडेखोलीत शिवणाऱ्या बाईंनी मला पिवळा धावायचा अंगरखा शिवून दिला होता, मागे किल्लीपुरता खिसा ठेवून. त्यांना मी आता काय सांगणार होते? गाड्यांच्या मैदानात धावून आले म्हणून?

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “आई, एवढं काय? पाच धाव आणि मग तिकीट काढून आत जा ना आरामात.”

“तिकीट काढून सगळेच जातात,” मी म्हणाले.

“बाबांनी मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.”

शर्यतवाल्यांच्या मदत क्रमांकावर सत्तावीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, “मॅडम, बदल करता येतो. मान्यताप्राप्त क्लबकडून नव्वद मिनिटांच्या आतल्या वेळेचा दाखला सोमवारी दुपारपर्यंत पाठवा.” तो दिवस गुरुवार होता. गावात असा क्लब एकच, आणि त्यांची वेळचाचणी रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर. चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या.

ते तीन दिवस मी घर डोक्यावर घेतलं. आहे ते लिहायचं, एवढीच गोष्ट मी शंभर वेळा ऐकवली. भाजी चिरताना ऐकवली, दिवे घालवताना ऐकवली. “माणसानं ब्याऐंशी म्हटलं की ब्याऐंशी लिहावं. वर स्वतःचं काही घालू नये. बायकोला काय तुमची बस समजता?” हे ऐकून घेत. एकदाच म्हणाले, “अगं, कमी लिहून तू मागं राहिली असतीस तर तुला वाईट वाटलं असतं.”

“मग आता काय बरं वाटतंय?”

ते उठून गॅलरीत गेले.

रविवारी चाचणी सातला. पंधरा मिनिटांच्या अंतरावरच्या मैदानात आम्ही साडेपाचला हजर. फाटकाला कुलूप. मी बाहेर फुटपाथवर उभी, पाय गार पडत चाललेले. “येऊ या का जाऊन घरी?” असं विचारायचीही सोय नव्हती, कारण जाऊन येण्यात वेळ जाईल आणि तो मोजावा लागेल. क्लब चालवणारे निवृत्त पीटी शिक्षक होते, त्यांना सगळे सर म्हणत. सर सात वाजून वीस मिनिटांनी आले, किल्ली घरी विसरली म्हणून परत गेले आणि शिट्टी वाजली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन मैदानावर पसरलं होतं. अडीच तास उभं राहून माझ्या पोटऱ्या घट्ट झाल्या होत्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं मला काय म्हणायचंय. म्हणून मी म्हटलं नाही.

सर घड्याळ घेऊन उभे राहिले. ह्यांनी स्वतःचंही एक आणलं होतं आणि पॅडवर पंचवीस ओळी आखून घेतल्या होत्या. दर फेरीला मी समोरून गेले की खाली वाकून लिहायचे. दहा फेऱ्यांपर्यंत मी वेळेत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चौदाव्या फेरीला उजवी पोटरी आखडली. अठराव्याला मी चालले, चाळीस-पन्नास पावलं. पाण्याची बाटली घेऊन ते कडेला आले, पण आत पाऊल टाकलं नाही. नियमात बसत नाही ना. फक्त म्हणाले, “सात राहिल्या.” तेविसाव्याला मला रडू येत होतं आणि रडायला श्वासही पुरत नव्हता. शेवटची फेरी मी कशी काढली ते मला आठवत नाही.

पायरीवर बसले तेव्हा सर घड्याळ घेऊन आले. “एक्याण्णव मिनिटं वीस सेकंद.”

मी बूट काढायला गेले तर वाकता येईना.

सरांनी दाखल्याचा कागद मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, एकोणनव्वद लिहितो. ऊन होतं, उशीर माझ्यामुळे झाला. दोन मिनिटं म्हणजे काय हो? कोण बघायला येतंय?”

खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. त्या पुलावरून जाताना मी मला दिसत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते पॅड छातीशी धरून उभे होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी सरांना म्हणाले असते, लिहा. पण ते काहीच म्हणाले नाहीत. मी जे म्हणेन ते त्यांना चालणार होतं, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. एकतीस वर्षांत एक सेकंदही कधी कमी न लिहिलेला माणूस आज खाली मान घालून थांबला होता. आणि तीन दिवस घरात कोण ओरडत होतं, ते मला चांगलंच आठवत होतं.

“जेवढी लागली तेवढी लिहा,” मी म्हणाले. आवाज चिडका आला.

“नक्की ना, ताई?”

“लिहा हो.”

सरांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आता तो कागद कुठे पाठवायचाही नव्हता. म्हणजे पाचच. गाड्यांच्या मैदानाला दोन फेऱ्या.

हे सरांना म्हणाले, “मैदान चारशेचं आहे ना नक्की?”

“बावीस वर्षं चारशेचंच आहे,” सर जरा लागल्यासारखे म्हणाले.

“चुना दर वेळी नव्यानं टाकत असाल ना? बाहेर सरकला असेल. लांब उडीची मोजपट्टी आहे का?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी आणून दिली. पंधरा टक्क्यांची सवय असलेला माणूस आता मैदानाचे पाच-सहा मीटर शोधायला निघाला; फेरी तेवढी जास्त भरली तर माझे दहा किलोमीटर नव्वदच्या आत बसणार होते. पट्टीचं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी एक चप्पल काढून त्यावर ठेवली, पन्नास मीटर पुढे गेले, कागदावर लिहिलं, परत येऊन चप्पल उचलली, पुढे नेऊन ठेवली, पुन्हा वाकले. उन्हात एका पायात चप्पल. वळणावर पट्टी सरळ व्हायला बघायची, ते गुडघ्यावर बसून तिला चुन्याच्या रेघेवर दाबून बसवायचे. पुढच्या गटातली मुलं रेघेवर येऊन उभी राहिली होती. “काका, बाजूला व्हा ना!” एकानं हाक मारली. ह्यांनी हात वर केला आणि मोजत राहिले.

मी बराच वेळ बघत बसले. मग उठले. बूट काढले नव्हतेच, लंगडत मैदानावर गेले आणि वाकता येत नव्हतं तरी बसकण मारून पट्टीचं टोक धरलं. त्यांनी वर पाहिलं, चप्पल पायात घातली आणि पट्टी घेऊन पुढे गेले. शेवटचे तीन पन्नास आम्ही असे मोजले, मी दर वेळी ढुंगणावर सरकत सरकत.

“किती भरलं?” मी ओरडून विचारलं.

त्यांनी कागदावरची बेरीज केली. पुन्हा एकदा केली. मुलं थांबली होती.

“चारशे,” ते म्हणाले.

“बरं.”

ते पट्टी गुंडाळायला लागले. खिशातून रुमाल काढून तिच्यावरची माती आणि चुना पुसत, हळूहळू, एकेक वेढा. टोक माझ्याच हातात होतं. मी ते सोडलं नाही, आणि ते गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आले.